नाव स्वयंसेवकाचे, काम कामगाराचे

केलेल्या श्रमाचा मोबदला वेळेवर आणि पुरता मिळावा, ही अपेक्षा अगदी साधी आहे. तरीही मजुरी बुडविण्याच्या अनेक तऱ्हा आपल्याकडे रूढ आहेत. त्यांपैकी सर्वांत बेमालूम तऱ्हा म्हणजे काम करणाऱ्याला 'कामगार' असे न म्हणणे. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

मुंबई महानगरपालिकेचे उदाहरण पाहू. रोज शहराचा कचरा गाडीत भरणाऱ्या कंत्राटी माणसांना कागदोपत्री 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि त्यांच्या मजुरीला 'मानधन'. या माणसांत दलित समाजातील लोक बहुसंख्य होते. स्वयंसेवक म्हटले की किमान वेतन, भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी हे सारे प्रश्न मालकापुरते मिटतात! त्या वेळी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक कामगार असतील तेथेच लागू होई. म्हणून एका कंत्राटदाराकडे वीसपेक्षा कमी माणसे दाखविली जात. कचरा वाहतूक श्रमिक संघाने याविरुद्ध दाद मागितली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने ही कंत्राटे नामधारी ठरवून सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. एवढे होऊनही, कागदांवरील नावांत अक्षरांचा फरक आहे या कारणास्तव कित्येकांना पुढे ताटकळावे लागले.

या निकालातून एक तत्त्व हाती लागते. कागदावर नाव कोणतेही असो. हुकूम कोणाचा, काम कोणाचे आणि ते नित्याचे आहे की नाही, हे पाहावयाचे असते. घरपोच माल पोचविणाऱ्या तरुणाला आज 'भागीदार' म्हणतात. नफ्यात त्याचा वाटा किती, हे ज्याने त्याने विचारून पाहावे.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. माणगाव तालुक्यात विळे-भागाडला औद्योगिक वसाहत झाली, महामार्गाची व इमारतींची कामे निघाली, आणि ठेकेदार व मुकादम हे शब्द घरोघरी पोचले. माझ्या थोरल्या भावाने एका बांधकामावर सात महिने काम केले. शेवटच्या दोन महिन्यांची मजुरी न देताच ठेकेदार निघून गेला. हजेरीकार्ड नाही, पगारपत्रक नाही. मागावयाचे कशाच्या आधारावर?

कायदा मात्र मुका नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबविणे ही वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत दिले पाहिजे. काम सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा केला पाहिजे. थकलेल्या वेतनासाठी तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. ठेकेदाराने हात वर केले, तर ज्याचे काम त्या मूळ मालकावर जबाबदारी येते.

पण हक्काला पुरावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नियुक्तीचा कागद वाचू शकणारे पहिले माणूस आपणच आहोत. कामाचा दिवस, मुकादमाचे नाव, घेतलेली उचल आणि हाती आलेली रक्कम एवढे जरी रोज घरच्या वहीत लिहून ठेवले, तरी आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग घरच्यांना झाला असे म्हणता येईल.