घोट्याजवळचा तपकिरी डाग

मुलांनो, भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या घोट्यांजवळ कधी तपकिरी डाग पाहिलात का? तो मळ नव्हे, घासून जाणार नाही.

पायातले रक्त नीला नावाच्या नळ्यांतून वर हृदयाकडे चढते. चालताना पोटरी आवळते, तोच पंप. आणि विहिरीच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, तशा नीलांत झडपा असतात. (आम्हा इंजिनिअर मंडळींना पंपाशिवाय दुसरे काही सुचत नाही!) झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, तांबड्या पेशी कातडीत झिरपून फुटतात आणि त्यांतले लोह मागे उरते. म्हणून रंग गंजासारखा.

पालकांनी हा डाग डॉक्टरांना जरूर दाखवावा. अशा कातडीला पुढे लवकर न भरणारी जखम होऊ शकते. घट्ट मोजे मात्र परस्पर आणू नयेत. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर त्यांनी अपायच होतो.

डाग चपलेच्या पट्ट्याच्याच आकाराचा असेल, तर रबराची किंवा चामड्याची ॲलर्जी असू शकते. तळव्यावर किंवा नखाखाली वाढणारा काळा ठिपका दिसला तर थांबूच नये. गायक बॉब मार्ली यांचा त्वचेचा कर्करोग १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच सापडला होता.