तो रिपोर्ट कपाटात ठेवू नकोस गं

रिपोर्ट हातात आला ना? ये, बस अशी माझ्याजवळ. चहात आलं जरा जास्तच घातलंय, तुला आज त्याची गरज आहे. ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ एवढंच वाचून तुझ्या पोटात खड्डा पडला असणार. रात्री अडीच वाजता मोबाइलवर नको नको ते वाचलं असशील आणि सकाळी उठून काही झालंच नाही अशी पोळ्या लाटून सगळ्यांचे डबे भरले असशील. माझं अगदी असंच झालं होतं बघ. मी तर तो कागद चार महिने कपाटात, साड्यांच्या घडीत लपवून ठेवला होता. माझ्या हातून झालेली ही मोठी चूक, आणि ती तुझ्या हातून होऊ नये असं मला फार वाटतं.

आधी त्या कागदावर काय आहे ते समजून घे. एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, त्यातले चौदाएक गर्भाशयाच्या तोंडासाठी जोखमीचे. त्यातही १६ आणि १८ नंबरवर डॉक्टरांचं जास्त लक्ष, कारण गर्भाशयमुखाच्या दर दहा कॅन्सरपैकी साधारण सातांच्या मागे हे दोन असतात. तुझ्या रिपोर्टात नंबर दिला असेल तर तो बघून ठेव. पण संसर्ग म्हणजे कॅन्सर नव्हे गं. दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत हा विषाणू आपसूक हटवतं. ज्यांच्यात तो रेंगाळतो, त्यांच्यातही पेशी बिघडत बिघडत कॅन्सरपर्यंत पोचायला सहसा पंधरा-वीस वर्षं जातात. प्रतिकारशक्ती कमी असेल, एचआयव्हीसारखा काही आजार असेल तर हा काळ कमी होतो, म्हणून तसं काही असलं तर डॉक्टरांपासून लपवू नकोस.

आता जे तू तोंडानं विचारणार नाहीस, पण जे तुला सगळ्यात जास्त कुरतडतंय, त्याबद्दल बोलू. हा आला कुठून? खरं सांगू का, ते कुणालाच सांगता येत नाही. शारीरिक संबंध असलेल्या बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतोच. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, एखाद्या तपासणीत अचानक दिसतो. लग्नाआधीचा असेल, दहा वर्षांपूर्वीचा असेल, तुझ्याकडून नवऱ्याला गेलेला असेल किंवा त्याच्याकडून तुला. या कागदावरून कुणाच्या वागण्याचा निकाल लावायचा नाही, त्याच्याही नाही आणि तुझ्याही नाही. मी पंधरा दिवस नवऱ्याशी ‘हं’ आणि ‘नाही’ एवढंच बोलत होते. बिचाऱ्याला कारणही कळत नव्हतं. शेवटी त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पाच मिनिटांत सगळं समजावलं आणि घरी येताना आम्ही दोघं रिक्षात रडलो. ते पंधरा दिवस वाचले असते तर बरं झालं असतं.

माझं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं. तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. तुला माहीत आहे का, गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल जगभर ज्याचा दाखला देतात, असा एक मोठा अभ्यास आपल्या तिथल्या बायकांच्या जिवावर उभा आहे. १९९९ मध्ये मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांनी तो सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख तीस हजारांवर बायका त्यात होत्या. बऱ्याच जणी शेतात राबणाऱ्या, लिहितावाचता न येणाऱ्या, कधी आतली तपासणी न केलेल्या. त्यांचे गट पाडले होते आणि एका गटाची एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा केली, बिघाड दिसला तिथे उपचार केले. २००९ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्याच सोयीवर राहिलेल्या गटाशी ताडून पाहिलं, तर तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होते. एकदाच केलेल्या तपासणीनं गं! आपल्या देशात दरवर्षी लाखावर बायकांना हा कॅन्सर होतो, बहुतेकींना तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. तुझ्या हातातला कागद तुला घाबरवतोय, पण त्या कागदामुळेच तू लवकर जागी झालीस.

पुढे काय करतील? १६ किंवा १८ असेल तर सहसा थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयाचं तोंड नीट बघणं. दुसरा प्रकार असेल तर आधी पॅप तपासणी किंवा व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून बघतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. शंका आली तर दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. पाळी चालू नसतानाची तारीख घे. आधीचे दोन दिवस संबंध नको, योनीत ठेवायच्या गोळ्या नकोत, आत पाणी मारून धुणं तर कधीच नको. तपासणीचं साधन आत घालताना ताण बसतो, खोटं कशाला सांगू, पण मोठा श्वास सोडलास की अंग सैल पडतं. दुखलं तर ‘थांबा’ म्हण. तुला तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

माझ्या पेशींमध्ये मधल्या पायरीचा बदल निघाला. आणि मग पहिल्या ठिकाणी मला काय सांगितलं माहीत आहे? ‘दोन मुलं झालीत ना, आता गर्भपिशवी काढूनच टाकू.’ मी हो म्हणून आले होते! बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी वाचलंय. तरी आपल्यावर वेळ आली की आपणही मान डोलावतो बघ. मोठ्या बहिणीनं मला हाताला धरून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे तेवढाच भाग भूल देऊन विजेच्या बारीक तारेनं काढला. पंधरा-वीस मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी. पिशवी जागेवर. काही दिवस तपकिरी स्राव होता, महिनाभर संबंध नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, बस. तुला अजून मूल हवं असेल तर हे उपचाराआधी डॉक्टरांना जरूर सांग, म्हणजे किती भाग काढायचा याचा ते विचार करतील. पिशवी काढायची गरज कधी कधी खरंच असते, पण असं कुणी म्हणालं की ‘कशासाठी?’ असं विचार आणि दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखव.

विषाणूवर गोळी नाही. कुणी काढे, महागडे कोर्स गळ्यात मारायला लागलं तर पैसे वाचव. सिगरेट ओढत असशील तर सोड, त्यानं संसर्ग रेंगाळतो. आणि संबंधानंतर रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग दिसला किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नकोस, त्याच आठवड्यात जा.

लेकीचं विचारणार होतीस ना? लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅकही मिळते, नऊ ते सव्वीस वयासाठी. तिचे चौदापर्यंत दोन डोस, पुढे तीन. मुलग्यांनाही देतात. लस झालेला संसर्ग घालवत नाही, म्हणून ती संबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या वयात द्यायची. आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी सुटत नाही. सासूबाई काही बोलल्या तर सांग, धनुर्वाताचं इंजेक्शन देतो तसंच हे.

चहा संपव आता. तो कागद एका साध्या फाइलीत घाल, मागची पाळी कधी आली ते वर लिही आणि उद्या अकराच्या आत दवाखान्यात फोन करून वेळ घे. एकटी जाऊ नकोस. एकदा मी बाकावर एकटी बसले होते आणि माझं नाव पुकारलं तेव्हा पर्स कुणाकडे द्यावी तेही सुचेना. तुझी पर्स धरायला मी येते.