पॉलिहाऊससाठीं दाबाचा पंप कसा निवडावा

सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास पंप ही वस्तु नवी नाहीं. औंध संस्थानांत कुंडलजवळ १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, तेथें प्रथम लोखंडी नांगर व पुढें पंपही तयार होऊं लागले, आणि विहिरीवरील मोट हळूहळू मागें पडली. ताकारी, म्हैसाळ व टेंभू ह्या उपसा योजनांनीं तर कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें चढवून पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत नेलें आहे. तथापि विहिरीचा पंप घेण्याची जी रीत आपल्या अंगवळणीं पडली आहे, तीच पॉलिहाऊसला लावल्यास नुकसान होतें. विहिरीवरील पंपाचें मुख्य काम पाणी वर आणण्याचें. पॉलिहाऊसच्या पंपाचें काम शेततळ्यांत किंवा टांकींत आलेल्या पाण्यास नेमका दाब देण्याचें. म्हणून "किती अश्वशक्तीचा घेऊं?" हा प्रश्न प्रथम न विचारतां शेवटीं विचारावा, हें ह्या लेखांत आम्ही हिशेबानें दाखविणार आहों.

फॉगर हवे कीं नकोत?

पॉलिहाऊसमध्यें पाण्याचीं कामें दोन. एक मुळाशीं ठिबक, व दुसरें हवेंत धुकें सोडून उष्मा कमी करणारे फॉगर. ठिबकच्या तोटीस सुमारें १ किलो दाब पुरतो. फॉगरला ४ किलोच्या आसपास लागतो. माण, खटाव, आटपाडी, जत ह्या कोरड्या हवेच्या तालुक्यांत उन्हाळ्यांतील दुपारीं फॉगरचा उपयोग चांगला होतो, कारण कोरडी हवा धुकें लवकर शोषते व तेवढी थंड होते. महाबळेश्वर, पांचगणीकडील दमट व थंड हवेंत तें धुकें विरत नाहीं, पानांवर बसतें, आणि करपा व बुरशी ह्यांस आमंत्रण मिळतें. तेव्हां शेजाऱ्यानें बसविले म्हणून आपणही फॉगर बसविण्यापूर्वीं आपल्या गांवची हवा पहावी. फॉगर नकोत असें ठरलें, तर पंप बराच लहान पुरतो.

पाण्याचा हिशेब

उदाहरणासाठीं दहा गुंठ्यांचें, म्हणजे सुमारें १,००० चौरस मीटरचें पॉलिहाऊस घेऊं. त्यांतील गादीवाफ्यांवर तासास २ लिटर पाणी देणाऱ्या ३,००० तोट्या आहेत असें धरिलें, तर सर्व एकदम चालविण्यास तासास ६,००० लिटर, म्हणजे सेकंदास १.६७ लिटर पाणी लागेल. दोन व्हॉल्व्ह ठेवून अर्धेंअर्धें क्षेत्र भिजविल्यास ०.८३ लिटर पुरे होईल. तासास २८ लिटरचे १४० फॉगर असतील, तर सुमारें ४,००० लिटर, म्हणजे सेकंदास १.११ लिटर. ठिबक व फॉगर एका वेळीं चालवावयाचे नसल्यानें दोहोंची बेरीज करूं नये. प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा.

हेडचा हिशेब

१ किलो दाब म्हणजे सुमारें १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ. सर्व दाब मीटरमध्यें आणून बेरीज केली कीं एकंदर हेड निघतें. ठिबकसाठीं तोटीचे १०, गाळणीचे ५, खत ओढणाऱ्या व्हेंचुरीचे ८, नळांतील घर्षणाचे ३ व पाण्याच्या पातळीपासून चढाचे २, मिळून २८ मीटर. फॉगरसाठीं फॉगरचे ४०, गाळणीचे ५, घर्षणाचे ३ व चढाचे ४, मिळून ५२ मीटर. हे आंकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपल्या तोटीच्या, गाळणीच्या व व्हेंचुरीच्या तक्त्यावरून ते बदलून घ्यावेत.

घर्षणाविषयीं एक गोष्ट विसरूं नये. त्याच नळांतून दुप्पट पाणी नेल्यास घर्षण सुमारें चौपट होतें. नळ एक माप मोठा घेण्यास एकदांच खर्च येतो, बारीक नळाचें वीजबिल मात्र दरमहा येतें. उलट जावळी, पाटण, वाई ह्या भागांत डोंगरउतारावर शेततळें पॉलिहाऊसहून १० मीटर उंच असल्यास तितकें हेड फुकट मिळतें. तें बेरजेंतून वजा करावें.

आतां अश्वशक्ति

सेकंदाचे लिटर गुणिले हेडचे मीटर, भागिले ७५, ही पाण्यास लागणारी अश्वशक्ति. लहान पंपाची कार्यक्षमता निम्मी धरून ती दुप्पट करावी व वर पांचवा हिस्सा राखीव ठेवावा. ह्या रीतीनें संपूर्ण ठिबकला दीड, दोन भागांत ठिबक केल्यास पाऊण म्हणजे बाजारांतील एक, व फॉगरला जवळजवळ दोन अश्वशक्ति येते. म्हणजे केवळ एक जादा व्हॉल्व्ह बसविल्यानें दीडचा पंप एकवर येतो. असें असतां "असूं द्यावा मोठा" म्हणून पांचचा पंप घेतल्यास व्हॉल्व्ह आवळून चालवावा लागतो, नळ्यांचे सांधे सुटतात व वीज व्यर्थ जाते. लहान घेतल्यास ह्याहून वाईट. ठिबकचा दाब निम्मा झाला तर साध्या तोटीचें पाणी सुमारें सात दशांशांवर येतें. फॉगरचा दाब निम्मा झाला तर धुक्याऐवजीं थेंब पडूं लागतात आणि विक्रीस आलेलीं फुलें डागाळतात.

दुकानांत पंपाच्या पट्टीवर कमाल हेड व कमाल पाणी असे दोन आंकडे दिसतात. हे दोन्ही एकाच वेळीं मिळत नाहींत. कमाल हेडला पाणी शून्य असतें, व कमाल पाण्यास दाब अगदीं थोडा. म्हणून विक्रेत्यास एकच विचारावें, "५२ मीटरला हा सेकंदास किती लिटर देतो?" उत्तर कंपनीच्या छापील तक्त्यांत दाखवून घ्यावें, व आय.एस.आय. चिन्ह पहावें. थोडें पाणी व अधिक दाब ह्यांसाठीं अनेक टप्प्यांचा पंप बहुधा सोयीचा पडतो. एकाच पंपावर दोन्ही कामें करावयाचीं असल्यास ठिबकच्या फांट्यावर दाबनियंत्रक बसवावा.

ओढीची बाजू

पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या बळावर. महाबळेश्वरसारख्या सुमारें १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणीं समुद्रसपाटीच्या मानानें ओढीचें बळ सुमारें दीड मीटरनें कमी होतें. म्हणून पंप तळ्याच्या कडेस, पाण्याच्या शक्य तितका जवळ ठेवावा. टांकीच्या तळाखालीं ठेवतां आल्यास उत्तम. ओढीचा नळ आंखूड, एक माप मोठा व मध्यें कमान नसलेला असावा, कारण त्या कमानींत हवा सांठते. आम्ल व खतें पंपाच्या पुढील बाजूस सोडावींत. मागून सोडल्यास तीं पंपाचें लोखंड खातात.

विजेची वेळ

फॉगरची गरज भर दुपारची. शेतीची तीनफेज वीज पाळीनें मिळत असेल, तर दुपारीं ती असते कीं नाहीं हें पंप घेण्यापूर्वीं पहावें. दोन अश्वशक्तीपर्यंतचे पंप एकफेजवरही मिळतात. हा बेताच्या पंपाचा आणखी एक लाभ होय. टांकी रिकामी झाल्यास पंप आपोआप बंद करणारी कळ अवश्य बसवावी.

पंप बसल्यावर गाळणीच्या अलीकडे व पलीकडे एकेक दाबमापक लावावा. दोहोंत अर्धा किलो अंतर पडलें कीं गाळणी धुवावी. तिसरा मापक सर्वांत दूरच्या तोटीजवळ लावून पहावा. तेथें ठरलेला दाब मिळाला, तरच निवड बरोबर झाली असें समजावें. पॉलिहाऊसच्या एकंदर खर्चांत पंपाचा वांटा अगदीं थोडा, पण बहुतेकांनीं ज्यासाठीं कर्ज काढलेलें असतें तें सर्व पीक त्याच्याच भरंवशावर उभें असतें. आमच्या वाचकांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या तोट्या व फॉगर मोजावेत, चढ मापावा, आणि लिटर व मीटर हे दोन आंकडे कागदावर लिहून मगच घराबाहेर पडावें.