दगड उकळू नका

समुद्री टाकीचं पाणी स्थिरावलं, क्लाऊन माशांची जोडी रुळली, की दुकानदार म्हणतो, ‘आता झोआ घ्या.’ शर्टाच्या बटणाएवढी, कडेला बारीक झालर असलेली ही प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ जिवांची रंगीत तोंडं दगडावर दाटीनं वाढतात. त्यांना फार कडक प्रकाश लागत नाही, नायट्रेट थोडं चढलं तरी ती मान टाकत नाहीत. शिवाय चुनखडीचा सांगाडा बांधणारी कडक प्रवाळं आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कागदपत्रांशिवाय ‘मागच्या दारानं’ ती कुणी देऊ लागला, तर तिथून निघालेलं बरं. त्यामुळे नवशिक्याच्या घरात बहुधा झोआ किंवा त्यांचे थोराड चुलत भाऊ, पॅली, आधी येतात. यातल्या काहींमध्ये माणसाला आडवं करणारं विष असतं, हे मात्र दुकानात सांगत नाहीत. सगळी चर्चा क्षार, कॅल्शियम आणि दिव्यांच्या वॅटची.

ठाण्याला धाकट्या बहिणीकडे टाकी आहे. छंद तिच्या नवऱ्याचा. एका वर्षी तपकिरी पॅलीनं तिथं उच्छाद मांडला. ही तशी दिसायला मळकीच. एका दगडावरून दुसऱ्यावर सरकत तिनं बाकी सगळ्यांची जागा खाल्ली. ज्या दुकानातून दगड आला होता तिथून सल्ला मिळाला: दगड बाहेर काढा, तारेच्या ब्रशनं घासा, मग उकळत्या पाण्यात टाका. आपल्या घरांत उकळण्यावर केवढा विश्वास! दूध, पाणी, बाळाची बाटली, सगळ्याला तोच इलाज. रविवारी दुपारी जुन्या पातेल्यात दगड रटरटत होता आणि मी ओट्याला टेकून मेव्हण्यांशी गप्पा मारत होतो. बाहेर पाऊस, म्हणून खिडकी लावलेली.

चार वाजताचा चहा मला कडू लागला. कडूही नव्हे, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखा. दिवेलागणीपर्यंत दोघांनाही खोकल्याची उबळ, छाती आवळलेली, हुडहुडी आणि ताप. हॉलमध्ये बसलेल्या बहिणीचे डोळे नुसते चुरचुरत होते. डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हटलं, त्यात त्यांचा काय दोष? दुपारच्या पातेल्याबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं. बहिणीनंच विचारलं, ‘त्या दगडाचं तर काही नसेल?’ मग आम्हाला दाखल करून घेतलं, ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं. या विषावर उतारा नाही. श्वास आणि हृदय सांभाळत राहायचं, एवढाच उपचार. आम्ही दोघं बरे झालो. खोकला मात्र बराच काळ रेंगाळला.

विषाचं नाव पॅलिटॉक्सिन. हवाईतल्या पॅलीपासून मूर आणि श्यूअर या शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं आणि १९७१ मध्ये जाहीर केलं. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं उघडं भोक करून टाकतं. मग क्षारांची ये-जा बेबंद होते, स्नायू आखडतात, हृदयाची लय बिघडू शकते. साध्या उकळीनं ते मोडत नाही. उलट वाफेबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून ते थेट फुप्फुसात पोचतं. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात दुकानांत आणि घरांत अशा घटना घडल्याची नोंद तिथल्या आरोग्य यंत्रणेनं केली आहे. इंग्लंडमध्ये २०१८ साली टाकीतली प्रवाळं बाहेर काढताना एका घरातली माणसं आजारी पडली, तेव्हा मदतीला आलेल्या अग्निशामकांनाही रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

प्रत्येक झोआ विषारी नसतो. साधारणपणे पॅली जास्त धोक्याची. पण रंगावरून किंवा आकारावरून विष ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच विषारी धरून चालावं. हातमोजे कोपरापर्यंतचे हवेत, कारण टाकीवाल्याच्या बोटांवर एखादी चीर असतेच. कापायची वेळ आली तर ही तोंडं चिळकांडी मारतात, तेव्हा चष्मा नव्हे, डोळे चारी बाजूंनी झाकणारा गॉगल लावा. दगड घासणं, गरम पाण्यात टाकणं, मायक्रोवेव्हमध्ये घालणं, उन्हात वाळवून मग ठोकणं, यातलं काहीही नको. वसाहत काढून टाकायचीच असेल तर दगड पाण्याखालीच बादलीत घ्या, बादली गच्चीत किंवा मोकळ्या जागी न्या आणि नऊ भाग पाण्याला एक भाग घरगुती क्लोरीन ब्लीच या प्रमाणातल्या ताज्या द्रावणात निदान अर्धा तास बुडवून ठेवा. ब्लीचनं हे विष निकामी होतं. मात्र त्याच बादलीत संडास धुवायचं अ‍ॅसिड पडू देऊ नका, नाहीतर क्लोरीन वायूचं नवं संकट. आणि पाणी बदलताना नळीला तोंड लावून ओढायची आपली जुनी सवय! गोड्या पाण्याच्या टाकीत ती नुसती किळसवाणी, इथं घातक ठरू शकते. पाच लिटरच्या कॅनमधल्या पाण्यात बुडवून नळी भरून घ्या किंवा हातपंप आणा. तो काही महाग नसतो.

टाकीचं काम केल्यावर तोंड कडू झालं, खोकला आला, डोळे झोंबले, तर आधी सगळ्यांनी खोलीबाहेर पडायचं, कुत्र्या-मांजरालाही घेऊन. डोळ्यांत उडालं असेल तर नळाखाली धरून भरपूर पाण्यानं धुवायचे. दवाखान्यात ‘समुद्री टाकीतला झोआ, पॅलिटॉक्सिनची शंका’ हे शब्द पहिल्याच वाक्यात सांगा. डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं असेलच असं नाही, म्हणून ते कागदावर लिहून न्या, मोबाइलमध्ये त्या दगडाचा फोटोही ठेवा. बरं वाटलं म्हणून लगेच घरी निघू नका. त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

घरात फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनाही हे आधी सांगून ठेवायला हवं. टाकीच्या कडेला सांडलेलं पाणी आणि जमिनीवर पडलेला झोआचा तुकडा उघड्या हातानं उचलणारं माणूस बहुधा तेच असतं. बहिणीकडे आता हातमोज्यांची एक जोडी त्यांच्या मापाचीही आहे.