भिंतींतील ओव्हन आणि त्याची धग

आमच्या लहानपणीं नाताळ जवळ आला म्हणजे नानकटाईचे व केकचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीकडे जाण्याचें काम आम्हां मुलांकडे असे. भट्टीवाला आपल्या लांब दांड्याच्या फावड्यानें पत्रा आंत लोटी, आणि आम्ही दूर उभे राहून पाहत असूं. दूर राहा असें कोणास सांगावें लागत नसे. भट्टीचें तोंड लाल दिसे, गालांस धग लागे, आणि पाय आपोआप मागें सरत. घरच्या चुलीचेंहि तसेंच होतें. जाळ दिसे, निखारा दिसे, निदान राखेंतून धूर तरी निघे. अग्नि आपली वर्दी आपणच देत असे.

आतां पुष्कळ घरीं ओट्याखालीं किंवा भिंतीच्या कपाटांत विजेवर चालणारा ओव्हन कायमचा बसविलेला असतो. समोर काळी कांच, दोन-तीन बटणें, आंत एक दिवा; दिसण्यांत तो पुस्तकांच्या कपाटाहून फारसा निराळा नाहीं. त्याच्या सोयींविषयीं आमची तक्रार नाहीं. आमच्याहि घरीं तो आहे. परंतु त्याची धग डोळ्यांस दिसत नाहीं, आणि बटण फिरविलें म्हणून ती निघूनहि जात नाहीं. या दोन गोष्टी ध्यानांत न घेतल्यामुळें आमच्या घरीं जें घडलें तें प्रथम सांगतों.

गेल्या वर्षीं नाताळच्या सुटींत आमचा आठ वर्षांचा भाचा आमच्याकडे आला होता. केक भाजून झाला, ओव्हन बंद केला, आणि केक सावकाश निवावा म्हणून पत्रा आंतच राहूं दिला. दहाएक मिनिटें गेलीं असतील. आम्ही पलीकडच्या टेबलाशीं उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों.

"मामा, ओव्हन बंद आहे ना?" त्यानें विचारलें.

"हो, केव्हांच बंद केला," आम्हीं मान वर न करतां उत्तर दिलें.

उत्तर खरें होतें. पुढच्याच क्षणीं किंकाळी ऐकूं आली. त्यानें दार उघडून पत्र्याची कड उजव्या हाताच्या बोटांनीं धरली होती.

मग जी धांवपळ झाली ती सांगावयास आम्हांस लाज वाटते. आमच्या मातोश्रींनीं दांत घासण्याची पेस्ट आणली, शेजारच्या काकूंनीं बर्फ आणला, आणि वर्गांत विज्ञान शिकविणारे आम्ही हळदीचा डबा शोधीत होतों! ती पेस्ट धुवून काढतांना दवाखान्यांत मुलाला दुसऱ्यांदां रडावें लागलें. डॉक्टरांनीं त्या वेळीं जें सांगितलें तें पालकांनीं पाठ करून ठेवावें. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या थंड, वाहत्या पाण्याखालीं धरावा, आणि तो वीस मिनिटें धरावा. दोन मिनिटांनीं रडें थांबलें म्हणून हात बाहेर काढूं नये. भांडें हातांतून सुटलें तरी कातडींत शिरलेली उष्णता आंतल्या आंत आपलें काम करीतच असते. ती काढून घेण्यास तेवढा वेळ लागतो. बर्फानें रक्तवाहिन्या आकसतात व इजा वाढूं शकते. पेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकीं कांहींहि लावूं नये. अंगठी, बांगडी किंवा घड्याळ असल्यास सूज येण्यापूर्वीं उतरावें, फोड फोडूं नयेत, आणि पाण्याखालून काढल्यावर स्वच्छ, धाग न सुटणारें कापड सैल गुंडाळावें. भाजलेली जागा रोग्याच्या तळहाताहून मोठी असेल, अथवा ती तोंडावर, हातावर किंवा सांध्यावर असेल, तर डॉक्टरांस दाखविण्यास उशीर करूं नये.

सुटी संपल्यावर आम्हीं नववीच्या वर्गांत एक प्रश्न घातला. ओव्हनांतील हवा २०० अंश सेल्सिअस तापलेली आहे, आणि पत्राहि २०० अंशच तापलेला आहे. पत्रा काढतांना हात क्षणभर त्या हवेंतून जातो, तेव्हां त्यास नुसती झळ लागते. परंतु बोट पत्र्यास निमिषमात्र टेकलें तर फोड येतो. तापमान एकच असतां हा भेद कां? बहुतेक मुलांनीं पत्रा हवेपेक्षां अधिक तापलेला असतो असें लिहिलें. तें चूक आहे. हवा अत्यंत विरळ असते. साध्या तापमानास एक लिटर हवेचें वजन सुमारें १.२ ग्रॅम, आणि तापल्यावर तेवढ्याच जागेंत ती त्याहूनहि कमी मावते. तिच्याजवळ उष्णतेचा सांठा थोडा, आणि मंदवाहक असल्यामुळें ती तो देतेहि सावकाश. धातूचें उलट आहे. त्याच्याजवळ सांठा मोठा, आणि बोट टेकतांच आजूबाजूची उष्णता त्या एका ठिकाणाकडे धांव घेते. ६० अंशांचें पाणी मोठ्या माणसाच्या कातडीस पांच-सहा सेकंदांत खोल भाजतें, ७० अंशांचें सुमारें एका सेकंदांत. मग २०० अंशांच्या धातूविषयीं काय सांगावें! हा प्रयोग कोणीहि घरीं करून पाहूं नये.

येथेंच एका घरोघरच्या चुकीचा उलगडा होतो. गरम भांडें उतरविण्यास आपल्याकडे हाताशीं असलेलें फडकें घेतात, आणि तें बहुधा ओलें असतें. कोरड्या फडक्याच्या धाग्यांमध्यें हवा कोंडलेली असते व तीच हाताचें रक्षण करते. फडकें भिजलें म्हणजे हवेची जागा पाणी घेतें, आणि पाणी हवेच्या सुमारें पंचवीसपट उष्णता वाहून नेतें. शिवाय त्याची वाफ होऊन ती हातावरच येते. सबब कोरडे व मनगटाच्या वर येणारे जाड हातमोजे वापरावे. सांडशी ओट्यावरच्या पातेल्यास उत्तम, परंतु ओव्हनांतला रुंद पत्रा सांडशीनें एका बाजूस धरला तर दुसरी बाजू कलते आणि तापलेला रस्सा अंगावर येतो.

दार उघडतांना तोंड पुढें नेऊं नये. एका बाजूस उभें राहून दार प्रथम चार बोटें उघडावें, वाफेचा भपका निघून जाऊं द्यावा, आणि मग पूर्ण उघडावें. चष्मा लावणारांस याचा अनुभव आहेच. पदर खोंचलेला असावा, ओढणी मागें बांधलेली असावी. कृत्रिम धाग्याचें कापड वरच्या तापलेल्या सळईस लागलें तर तें वितळून कातडीस चिकटतें. उघड्या दारावर जड भांडें टेकूं नये, आणि लहान मुलांस त्यावर वांकूं किंवा चढूं तर मुळींच देऊं नये. ओव्हन कपाटांत नुसता सरकविलेला नसून स्क्रूंनीं आवळलेला आहे कीं नाहीं हें एकदां दार उघडून कडेला पाहावें. तो सुटा असेल तर दारावरील भारानें सर्वच पुढें कलंडण्याचा संभव असतो.

आतां आमच्या भाच्याच्या प्रश्नाकडे वळूं. ओव्हन बंद केल्यावर तो गरम कां राहतो? कारण तो तसा राहावा म्हणूनच बनविलेला असतो. त्याच्या भोंवतीं उष्णतारोधक जाड थर असतो, दाराला कांचेचीं दोन, तीन, क्वचित् चार तावदानें असतात, व त्यांमध्यें हवा असते. जें बाहेरच्या कपाटाचें रक्षण करतें तेंच आंतील उष्णता अडवून धरतें. दार मिटलेलें असेल तर तास उलटून गेल्यावरहि आंतील पत्रा हातीं धरण्याजोगा नसूं शकतो. बटण फिरविल्यानें वीज थांबते, उष्णता नव्हे. बाहेरची कांच मोठ्या माणसास साधारण कोमट लागली तरी रांगणाऱ्या मुलाची कातडी पातळ असते, आणि ओट्याखालचा ओव्हन नेमका त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो.

बंद केल्यावरहि पुष्कळ ओव्हनांतून पंख्याचा आवाज येत राहतो. कित्येकांस हा बिघाड वाटतो व ते भिंतीवरचें मुख्य बटण बंद करतात. तसें करूं नये. तो पंखा बटणांमागील यंत्रणा व कपाटाचें लांकूड थंड करण्यासाठीं फिरत असतो. काम झालें कीं तो आपोआप थांबतो. मात्र मध्येंच वीज गेली, आणि आपल्याकडे ती जाते, तर ओव्हनाचें बटण स्वतः शून्यावर आणावें. नाहींतर आपण बाहेर गेल्यावर वीज परत येईल, आणि कांहीं ओव्हन रिकाम्या घरांत पुन्हां तापूं लागतील.

विजेच्या जोडणीसंबंधीं थोडें गणित केलें पाहिजे. समजा, ओव्हन ३००० वॅटचा आहे. आपल्याकडील विजेचा दाब २३० व्होल्ट. म्हणजे प्रवाह सुमारें १३ अँपिअर झाला. पंख्यासाठीं, दिव्यासाठीं असलेला लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. सहाच्या जागीं तेरा अँपिअर गेले तर उष्णता दुप्पट होत नाहीं, साडेचारपटीहून अधिक होते, आणि तीहि प्लास्टरच्या आंत, जेथें कोणाची दृष्टि जात नाहीं. म्हणून ओव्हनास मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, जाड तार व निदान १६ अँपिअरची जोडणी असावी. लांबविलेली एक्स्टेंशन वायर किंवा एकांतून दोन करणारा प्लग लावूं नये. अर्थिंग खरोखर जोडलेलें आहे याची खात्री जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी, आणि ३० मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारें उपकरण घरांत नसेल तर तें बसवून घ्यावें. प्लग काळवंडला किंवा जळका वास आला तर त्या दिवशीं केक राहूं द्यावा.

कपाटाचेंहि पाहावें लागतें. ओव्हनाच्या मागें व खालीं हवा खेळण्यास किती जागा ठेवावी हें त्याच्या माहितीपुस्तकांत छापलेलें असतें, पण तें पुस्तक सुताराच्या हातीं कोणी देत नाहीं. आमच्याकडे झुरळें येऊं नयेत म्हणून सुतारानें ती जागा फळीनें बंद करून टाकली होती, आणि आम्हीं त्याची वाहवाहि केली होती. पुढें कपाटाची वरची कड पिवळी पडूं लागली तेव्हां फळी कापविली. झुरळें आलीं, त्यांस दुसरे उपाय आहेत.

भांड्यांविषयीं एक गोष्ट सांगतों. १९१३ सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग येथील कांचेच्या कारखान्यांत काम करणाऱ्या जेसी लिटलटन नांवाच्या शास्त्रज्ञाच्या पत्नीनें, बेसी लिटलटन यांनीं, विजेच्या बॅटरीच्या कांचेच्या बरणीचा कापलेला बूड घेऊन त्यांत केक भाजला. कांच तडकली नाहीं. त्यांतूनच १९१५ सालीं ओव्हनांत चालणारीं कांचेचीं भांडीं बाजारांत आलीं. ती कांच बोरोसिलिकेट जातीची. ती तापल्यानें फारच थोडी फुगते, म्हणून एकीकडे गरम व एकीकडे थंड असतांहि सहसा फुटत नाहीं. साध्या कांचेस हा गुण नाहीं, आणि दुकानांत दोन्ही सारख्याच दिसतात. भांड्याच्या बुडावरील अक्षरें वाचून घ्यावीं. बोरोसिलिकेट झालें तरी फ्रीजमधून काढून तापलेल्या ओव्हनांत घालूं नये, किंवा ओव्हनांतून काढून ओल्या कडप्प्यावर टेकूं नये. खालीं कोरडें लांकूड ठेवावें. मायक्रोवेव्हचें प्लास्टिक येथें वितळेल. तळाच्या पत्र्यावर ॲल्युमिनियमची चकचकीत पन्नी अंथरण्याची युक्ति पुष्कळ भगिनी करतात, पण तीमुळें खालच्या सळईची उष्णता कोंडते व आंतील मुलामा खराब होतो.

आणि एक उपद्रव खास आपल्या घरांचा आहे. महिन्यांतून दोनदां लागणारा ओव्हन उरलेले दिवस कपाट होतो. पापडाचा डबा, कढईचें झांकण, प्लास्टिकच्या पिशव्या, सर्व त्यांत. मग कोणी दार न उघडतां तो तापवावयास लावतो! आमच्या परिचयाच्या एका घरीं याच रीतीनें चपात्यांचा प्लास्टिकचा डबा चपात्यांसह वितळला. अशा वेळीं किंवा तुपास आंत जाळ लागल्यास दार उघडूं नये. मुख्य बटण बंद करावें व दार मिटलेलेंच ठेवावें. हवा न मिळाल्यानें जाळ बहुधा आपोआप विझतो. पाणी कदापि मारूं नये. आग बाहेर येऊं लागली तर सर्वांनीं बाहेर पडून १०१ किंवा ११२ या क्रमांकास कळवावें. स्वतःची सफाई सुमारें ५०० अंश तापून करणारे ओव्हन असतात. त्या वेळीं खिडक्या उघडाव्या, न चिकटणाऱ्या मुलाम्याचीं भांडीं आधीं बाहेर काढावीं, आणि घरांत पिंजऱ्यांतला पोपट असेल तर त्यास दूर न्यावें, कारण तापलेल्या त्या मुलाम्याच्या वाफा पक्ष्यांस मारक ठरतात.

आमच्या भाच्याचीं बोटें तीन आठवड्यांत बरीं झालीं. पट्टी होती त्या दिवसांत त्यानें डाव्या हातानें एका पुठ्ठ्यावर तांबड्या शाईनें "बंद आहे पण गरम आहे" असें लिहिलें, आणि दोरी ओंवून तो ओव्हनाशेजारच्या खिळ्यास टांगला. पुठ्ठ्याची मागची बाजू कोरी आहे. ओव्हन पुरता निवला म्हणजे आमच्या मातोश्री तो उलटा करून ठेवतात; अक्षरें दिसत असतील तोंवर त्या कोणासहि दाराजवळ जाऊं देत नाहींत, आम्हांसहि नाहीं.