आजीला सांगितलं, मला नाही

अगं, परवा तू फोनवर म्हणालीस, "ताई, लेक आठवीत गेली की तिला फोन घेऊन द्यायचं ठरवलंय, क्लासला एकटी जाते ना." मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, ताईला पटलं नाही. तसं काही नव्हतं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, आणि मला जे सांगायचं होतं ते त्यांच्यादेखत सांगायची लाज वाटत होती. आज त्या देवळात गेल्यात. पाऊण तास आहे हातात.

तुझ्या भाच्याची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे.

त्याच्या वर्गातल्या पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. शाळेचा नव्हे, पोरांनीच केलेला. क्रीडा दिनाला काढलेला एका मुलाचा फोटो कुणीतरी कापला आणि त्याचं स्टिकर केलं. धावताना तोंड वेडंवाकडं झालेलं, शर्ट वर गेलेला, पोट दिसतंय, आणि खाली एक घाणेरडं वाक्य. आपल्या पठ्ठ्यानं ते केलं नव्हतं. त्यानं फक्त ते आणखी दोन ग्रुपवर ढकललं, चार हसऱ्या चेहऱ्यांसकट. आठवडाभरानं त्या मुलाच्या आईचा मला फोन आला. ती भांडली नाही गं. भांडली असती तर बरं झालं असतं. "तो शाळेत जायला नको म्हणतोय, एवढंच सांगायला केला फोन," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी याला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या बाईनं पोहे केले. दोघं पोरं एकमेकांकडे न बघता बशीतले दाणे वेचत बसली. शेवटी हा "सॉरी" म्हणाला. तो मुलगा म्हणाला, "ठीक आहे. पण ते अजून फिरतंय. काल क्लासमधल्या एकानं मलाच पाठवलं." परत येताना हा स्कूटरवर मागे बसून एक शब्द बोलला नाही. 'डिलीट फॉर एव्हरीवन' वेळेत दाबलं तर आपण पाठवलेलं जातं, पण दुसऱ्यानं साठवून पुढे पाठवलेलं कसं जाणार? मी दहा वेळा सांगून जे त्याच्या डोक्यात शिरलं नसतं, ते त्या पोह्यांच्या बशीपाशी शिरलं.

इथवर मी बरी वागले म्हणायची. पण घरी आल्यावर माझ्यातली आपली आई जागी झाली. आरडाओरडा केला, आणि फोन कपाटात. दोन महिने! चाव्यांच्या जुडग्यात त्या कपाटाची किल्ली वाजली की मला वाटायचं, चला, शिस्त लागली. लागलं काय, तर माझ्या पोराला एक हिशेब पक्का कळला: आईला कळलं की फोन जातो.

मे महिन्याच्या सुट्टीत फोन परत दिला. तो एक गेम खेळायचा, चौघाचौघांची टोळी करून, कानात हेडफोन घालून बोलत बोलत. त्यात एक 'दादा' भेटला. खेळात पटाईत. याला वाचवायचा, शिकवायचा, वर गेममधले डायमंड भेट द्यायचा. पंधरा दिवसांनी म्हणाला, तुझा फोटो पाठव ना, बघू तरी माझा छोटा भाऊ कसा दिसतो. यानं पाठवला, शाळेच्या गणवेशातला. खिशावर शाळेचं बोधचिन्ह. मग त्या दादाला शर्ट काढलेला फोटो हवा झाला. हा नाही म्हणाला, तेव्हा दादा एकदम बदलला. तुझी शाळा मला कळलीय, तू माझ्याशी काय काय बोललास ते सगळं तुझ्या सरांना पाठवतो.

तीन आठवडे, अगं, तीन आठवडे माझं पोर हे उरावर घेऊन माझ्यासमोर जेवत होतं. मला वाटत होतं, वय आहे, चिडचिड करायचंच.

शेवटी त्यानं सांगितलं कुणाला? सासूबाईंना! ज्यांना व्हिडिओ कॉलवर स्वतःचं कपाळ सोडून काही दाखवता येत नाही, त्यांना. त्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, हा शेजारी बसून सोलू लागला आणि बोलता बोलता रडला. त्यांना निम्मं कळलंही नसेल. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस. जेवलास का?" मग मला हाक मारली.

नंतर मी त्याला विचारलं, आजीलाच का रे? तर म्हणाला, "आजी फोन काढून घेत नाही."

तेव्हापासून मी एकच नियम धरून आहे, आणि तुला सांगायचाय तो हाच. फोनचं खोकं उघडायच्या आधी लेकीला वचन दे, की तू येऊन सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही. चूक तुझी असली तरी नाही. आणि ते पाळ. एकदा मोडलंस तर पुन्हा ती तुझ्याकडे येणार नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेव. शिक्षा करूच नको असं नाही म्हणत मी. कुणाला छळलं तर त्याच्या दारात जाऊन माफी मागायची, हीच केवढी मोठी शिक्षा आहे. रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, हाही नियम असू दे, पण तो सगळ्यांना. तुझ्या नवऱ्यालासुद्धा.

दुसरं त्या 'दादा'बद्दल. आपण पोरांना दूधवाले काका, रिक्षावाले काका, शेजारच्या मावशी असं म्हणायला शिकवतो. गोड सवय आहे, मला ती मोडायची नाही. पण रिक्षावाले काका आपल्याला दिसतात, त्यांचा थांबा माहीत असतो. पडद्यामागच्या दादाचं वय, नाव, गाव काहीच दिसत नाही, आणि नात्याचा शब्द मात्र आपली पोरं त्याला फुकट देऊन टाकतात. लेकीला घाबरवू नकोस. एक खूण शिकव: जो कुणी "हे आईला सांगू नकोस" म्हणेल, त्याचंच आधी आईला सांगायचं. मग तो ओळखीचा असो, अगदी नात्यातला असो. आणि एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर चल म्हणणारा, भेट देऊन लगेच काही मागणारा, हे त्याच वाटेचे वाटसरू.

आता सेटिंग्जचं. त्यात फार अक्कल लागत नाही, बसायला वेळ लागतो. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घालू शकेल ते 'माय कॉन्टॅक्ट्स' कर, आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन ठेव. इन्स्टाग्रामचं वय तेरा आहे. इथं एक कबुली. माझ्या थोरलीचं खातं उघडताना जन्मसाल मीच खोटं घातलं होतं, लवकर उघडावं म्हणून रडत होती ना. आता इन्स्टाग्राम अठराखालच्या मुलांची खाती आपोआप खाजगी ठेवतं, अनोळखी माणसाचे मेसेज अडवतं. पण साल खोटं असेल तर ते तिला मोठी बाई समजणार आणि दार सताड उघडं टाकणार. खोटं आपण बोलायचं आणि मुलांना म्हणायचं, खरं बोला!

पैशाचं तिला एकच वाक्य पाठ करायला लाव: पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच घालावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

फोटोंच्या बाबतीत आपणच जास्त दोषी, पटतं का? पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर उभं करून फोटो, त्यात शाळेचं नाव, तुकडी, वर वाढदिवसाची तारीख, आणि स्टेटसला सगळ्या गावाला. त्या दादाला जे पंधरा दिवस लागले ते आपण एका सकाळी वाटून मोकळे होतो. मागच्या गणपतीत तू लेकीचा झोपलेला, तोंड उघडं पडलेला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलास. सगळे हसले. ती हसली नव्हती, मी पाहिलं. तिला विचारून टाकत जा. तिचा नकार तू मानलास, तर दुसऱ्याचा नकार मानायचा असतो हे तिला वेगळं शिकवावं लागणार नाही.

आता पोरांच्या हातात एआय आलंय. वर्गातल्या मुलीचा चेहरा कुठल्या तरी उघड्या अंगावर बसवायला दोन मिनिटं लागतात. "खरं थोडंच आहे" असं त्यांना वाटतं. चेहरा तर खराच असतो ना तिचा? हे तुझ्या लेकीशी बोल, आणि माझ्या धाकट्याशी मी बोललेय त्याहून जास्त बोल. अठरा वर्षांखालच्या मुलांची तसली चित्रं पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला कायदा शिकवू नये असं काही नाही. त्यांना कळतं.

आणि ग्रुपवर कुणाची टर उडवली जात असेल तर तिनं काय करायचं? "तू मध्ये पड" असं सांगू नकोस, ते मोठ्यांनाही जमत नाही. हसायचं नाही, पुढे पाठवायचं नाही, आणि ज्याची चेष्टा चाललीय त्याला वेगळा मेसेज करायचा, "मला हे नाही आवडलं, उद्या डब्याला माझ्याबरोबर बस." तो स्टिकरवाला मुलगा नंतर मला म्हणाला होता, असा एक जरी मेसेज आला असता ना मावशी. ग्रुप सोडायचा असेल तरी भीती नको, हल्ली व्हॉट्सॲपवर आपण बाहेर पडलो की सूचना फक्त ॲडमिनला जाते.

पण हे सगळं सांगायला आपण कोण? आपल्या फॅमिली ग्रुपवर आत्याच्या सुनेच्या वजनावरचे विनोद कोण टाकतं? एखाद्या नटीच्या फोटोखाली लिहिलेली घाण वाचून दाखवून कोण हसतं? पोरं सोफ्यावर शेजारीच असतात. आणि फॉरवर्डचं तर बोलूच नकोस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं, आठवतं? नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे पाच जण, रविवारच्या बाजारात लोकांनी मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. आधी मोबाइलवर अफवा फिरत होत्या. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. ती अफवा पुढे ढकलणाऱ्यांत आपल्यासारख्या आयाच असतील, पोरांच्या काळजीपोटी. धाकट्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे स्टिकरसारखंच." मला सुचलं नव्हतं.

इतकं करूनही काही घडलंच, तर? आधी सासूबाईंचं वाक्य. बरं केलंस सांगितलंस. मग पाणी दे. मग फोन हातात घे. चॅट पुसायचं नाही, कितीही किळस आली तरी. खात्याचं नाव, नंबर, धमक्या यांचे स्क्रीनशॉट ठेव, मग ब्लॉक. पैसे मागत असेल तर एक रुपया द्यायचा नाही, दिला की मागणी वाढते. आणि मुलीचा तसला फोटो असेल तर तो "बघा हो काय झालंय" म्हणून भावाला, मेहुण्याला पाठवायचा नाही. पाहिलंय मी असं करणारं एक घर. तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, तिथं मुलांच्या छळाची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३०, आणि त्याच घटकेला, संध्याकाळी हे घरी आल्यावर नाही. मुलांसाठी १०९८, दिवसरात्र. आणि 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे. फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तिकडे जातो, आणि त्यात सामील असलेली ॲप तो ठसा जुळला की फोटो काढून टाकतात. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. पोर्टलवर तक्रार केली, गेममध्ये त्या आयडीची तक्रार केली, आणि शाळेत आम्हीच जाऊन बाईंना सांगितलं. सरांना पाठवीन, सरांना पाठवीन म्हणत होता ना? त्याच्या हातात मग काही उरलंच नाही.

फाटक वाजलं, सासूबाई आल्या वाटतं. रविवारी लेकीला घेऊन ये, फोनचं खोकं न उघडता आण. सेटिंग्ज आपण तिघी बसून करू, तिच्याच हातानं. आणि त्यात पहिल्या पाच नंबरांत आजीचा नंबर घालू. मी काय, तुझी सख्खी बहीण, मी तुला सांगेन अशी तिला भीती असणारच. सासूबाई नाही सांगणार. शेंगा सोलत बसतील आणि विचारतील, जेवलीस का.