ताप उतरला, तरी हृदयाकडे लक्ष असू द्या
श्वसनसंसर्ग, दाह आणि रक्ततपासण्यांचा अर्थ

पावसाळा संपताना आणि पुन्हा जानेवारी ते मार्च या काळात आपल्या देशात फ्लूचे रुग्ण वाढतात. बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. त्यामुळे हा केवळ नाक, घसा आणि फुप्फुसांचा आजार समजला जातो. परंतु फ्लू, कोविड-१९ यांसारख्या विषाणूजन्य संसर्गाचा ताण हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवरही पडतो. ज्यांना आधीपासून हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, त्यांच्यासाठी हे दिवस विशेष जपण्याचे असतात.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान तपासणीने निश्चित झालेल्या आणि त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका आलेल्या व्यक्तींच्या नोंदी त्यात पाहण्यात आल्या. तपासणीनंतरच्या पहिल्या ७ दिवसांत झटका येण्याचे प्रमाण, त्याच व्यक्तींच्या इतर काळाच्या तुलनेत, सुमारे ६ पट आढळले. यातील बहुसंख्य व्यक्ती ज्येष्ठ होत्या. याचा अर्थ फ्लू झालेल्या प्रत्येकाला झटका येतो असा नाही. निरोगी तरुणाचा मूळ धोका अतिशय अल्प असतो आणि तो काही पट वाढला तरी अल्पच राहतो. मूळ धोका मोठा असलेल्यांनी मात्र या आठवड्यात सावध राहणे आवश्यक आहे.

शरीरात काय घडते?

विषाणूचा प्रतिकार करताना शरीर जी प्रक्रिया सुरू करते, तिला दाह म्हणतात. ही संरक्षणाची क्रिया आहे. मात्र ती तीव्र झाल्यास हृदयावरील भार वाढतो.

• तापामुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि हृदयाला अधिक प्राणवायू लागतो. त्याच वेळी फुप्फुसे आजारी असल्यास रक्तातील प्राणवायू कमी होऊ शकतो.
• हृदयाच्या धमन्यांत वर्षानुवर्षे साचलेला चरबीचा थर दाहामुळे अस्थिर होऊन फाटू शकतो.
• रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. फाटलेल्या थरावर गुठळी तयार झाल्यास धमनी बंद होते आणि हृदयविकाराचा झटका येतो.
• काही वेळा हृदयाच्या स्नायूलाच सूज येते.

रक्तातील निदर्शक काय सांगतात?

शरीरातील अशा घडामोडींची खूण रक्तात सापडते. त्या खुणांना जैविक निदर्शक म्हणतात.

सीआरपी : हे प्रथिन यकृतात तयार होते. त्याचा शोध १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास करताना लागला. संसर्ग झाल्यावर ते काही तासांतच वाढू लागते आणि साधारण दोन दिवसांत सर्वोच्च पातळी गाठते. दाह आहे हे ते सांगते. तो शरीरात कोठे आहे, हे सांगत नाही.

एचएस-सीआरपी : हेच प्रथिन अत्यंत कमी प्रमाणात असतानाही मोजणारी ही तपासणी आहे. प्रकृती स्थिर असताना १ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी पातळी हृदयविकाराचा कमी धोका, १ ते ३ मध्यम आणि ३ पेक्षा जास्त पातळी अधिक धोका दर्शवते. पातळी १० च्या वर असल्यास आधी संसर्ग किंवा अन्य दाहाचा शोध घ्यावा लागतो आणि तो बरा झाल्यावर, किमान दोन आठवड्यांनी, तपासणी पुन्हा करावी लागते. अहवालातील एककही पाहावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देतात. तेथील १ म्हणजे प्रति लिटर १०.

ट्रोपोनिन : हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. छातीत दुखत असल्यास इसीजीसोबत ही तपासणी करतात आणि काही तासांनी पुन्हा करून पातळी बदलते का ते पाहतात. म्हणून पहिला अहवाल सामान्य आला तरी डॉक्टर रुग्णाला थांबवून ठेवू शकतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा गंभीर संसर्ग यांतही ट्रोपोनिन वाढलेले आढळते.

एनटी-प्रोबीएनपी : हृदयाच्या कप्प्यांवर ताण आल्यास हा निदर्शक वाढतो. दम लागण्यामागे हृदयाची दुर्बलता आहे का, हे ठरवताना तो उपयोगी पडतो.

डी-डायमर : रक्ताची गुठळी विरघळताना हा घटक तयार होतो. संसर्ग, गरोदरपण, शस्त्रक्रिया आणि वाढते वय यांतही तो वाढतो. त्यामुळे केवळ या आकड्यावरून गुठळी आहे, असे म्हणता येत नाही.

एक उदाहरण

समजा, एका घरात ५२ वर्षांच्या गृहस्थांना आणि त्यांच्या ७४ वर्षांच्या मधुमेही आईला एकाच वेळी फ्लू झाला. गृहस्थांनी तापातच तपासण्यांचे पॅकेज करून घेतले. एचएस-सीआरपी १८ आले आणि त्यापुढे ‘उच्च धोका’ असे छापलेले होते. सारे घर त्या कागदाभोवती जमले. आईला मात्र सकाळपासून दम लागत होता, घाम येत होता आणि पोटाच्या वरच्या भागात जळजळत होते. ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून तिला निजवण्यात आले.

येथे गृहस्थांचा आकडा बहुधा फ्लूचाच होता. बरे झाल्यावर तपासणी पुन्हा करणे पुरेसे होते. तातडीने रुग्णालयात नेण्याची गरज आईला होती. ज्येष्ठ, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. अहवाल वाचण्यापूर्वी माणसाकडे पाहावे, हा या पाठाचा मुख्य आशय आहे.

घरी काय करावे?

• पुरेशी विश्रांती घ्यावी आणि ताप असताना श्रमाचे काम किंवा व्यायाम टाळावा. हृदय दुर्बल असलेल्यांनी पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारावे.
• हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांची नेहमीची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. आहार कमी झाला असल्यास मधुमेहाच्या औषधांविषयी डॉक्टरांशी बोलावे.
• तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्या हृदयविकार असलेल्यांना अपायकारक ठरू शकतात. शिवाय ताप डेंग्यूचा असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.
• याच कारणास्तव ॲस्पिरिन स्वतःहून सुरू करू नये. ते नियमित घेणाऱ्यांना डेंग्यूची शंका आल्यास त्वरित डॉक्टरांना विचारावे. तापातील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.
• नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. उच्च रक्तदाब असल्यास विचारूनच घ्याव्यात.
• विषाणूंवर प्रतिजैविके उपयोगी पडत नाहीत. डॉक्टरांनी दिल्याखेरीज ती घेऊ नयेत.

लसीकरणाचे महत्त्व

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बांगलादेशासह ८ देशांतील २,५०० हून अधिक रुग्ण सहभागी होते. त्यातील बहुतेकांना नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला होता. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांपैकी काही घडण्याचे प्रमाण फ्लूची लस मिळालेल्यांत ५.३ टक्के, तर न मिळालेल्यांत ७.२ टक्के होते. हृदयविकार, मधुमेह किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी दरवर्षीच्या फ्लू लसीबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तातडीने मदत केव्हा मागावी?

संसर्गाच्या काळात किंवा नंतरच्या काही आठवड्यांत पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास प्रयोगशाळेत जाऊ नये, अहवालाची वाट पाहू नये. ११२ वर, किंवा आपल्या राज्यात उपलब्ध असल्यास १०८ वर, दूरध्वनी करावा.

• छातीत दुखणे, दडपण येणे किंवा आवळल्यासारखे वाटणे
• डावा हात, जबडा, मान किंवा पाठीत पसरणारी कळ
• बसल्या जागी किंवा आडवे झाल्यावर दम लागणे
• अचानक दरदरून घाम, भोवळ किंवा शुद्ध हरपणे
• ठोके फार जलद किंवा अनियमित जाणवणे
• चेहरा वाकडा होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे

रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. जुने अहवाल आणि सुरू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी. अलीकडे ताप किंवा खोकला येऊन गेला असल्यास तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

ही पत्रिका घरातील सर्वांना, विशेषतः ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना, वाचून दाखवावी.